घरातले संगणक जोडण्यासाठी फायरवॉल बंद करू नका

गेल्या आठवड्यात आमच्या मामांना नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश आला. घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नसतील तर फायरवॉलची (बाहेरून येणाऱ्या मागण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्याची) सर्व्हिसच कायमची बंद करा, ‘एसएमबी १’ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा, पासवर्डची अट काढून अख्खा डी ड्राइव्ह ‘एव्हरीवन’ला शेअर करा, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) ८.८.८.८ करा आणि शेवटी राउटर बंद-चालू करा, असे पाच उपाय त्यात होते. मामा घरी बसून काही दुकानांचे हिशेब लिहितात. डेस्कटॉप खालच्या खोलीत आणि लॅपटॉप माडीवर असतो. मी पोहोचेपर्यंत त्यांनी पहिले तीन उपाय करून टाकले होते. दुसऱ्यांच्या जीएसटीच्या आणि पॅनच्या फायली घरच्या वायफायवर येईल त्याला उघड्या पडल्या होत्या, आणि लॅपटॉपवरची ‘नेटवर्क’ची खिडकी तरीही रिकामीच होती.

सर्वांत घातक सल्ला फायरवॉलचा आहे. ती बंद केल्यावर कधीकधी जोडणी होते हे मला मान्य करावे लागेल, पण त्याचे कारण वेगळे आहे. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा शिक्का मारते, आणि घरचे वायफाय ‘पब्लिक’ राहिले असेल तर बाहेरून येणारी फाइल शेअरिंगची मागणी फायरवॉल अडवते. त्यावर उपाय म्हणजे सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कचा शिक्का बदलून ‘प्रायव्हेट’ करणे, आणि ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ त्याच शिक्क्यापुरते चालू करणे. मग तोच लॅपटॉप स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायला ‘पब्लिक’ म्हणून जोडला की ही दारे आपोआप लागतात. सर्व्हिसच बंद केलेली असेल तर ती कुठेच लागत नाहीत. ‘राउटर आहे ना, मग भीती कसली’ असे मामांनी मला विचारले. इंटरनेटवरून थेट येणाऱ्या मागण्या राउटर बहुधा अडवतो हे खरे. पण पाहुण्याचा फोन, स्मार्ट टीव्ही किंवा वायफायचा पासवर्ड दिलेला शेजारी हे सगळे राउटरच्या आतल्या बाजूलाच असतात. शिवाय फायरवॉलची सर्व्हिस थांबवणे मान्य नाही, त्याने स्टार्ट मेनू चालेनासा होऊ शकतो आणि अ‍ॅप्स बसवणे किंवा अपडेट करणे अडू शकते, असे मायक्रोसॉफ्टच्याच दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे.

‘एसएमबी १’च्या सल्ल्यामागे मात्र एक जुने अर्धसत्य आहे. ‘नेटवर्क’च्या खिडकीतली संगणकांची यादी पूर्वी ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ नावाची सर्व्हिस भरत असे आणि ती एसएमबी १ वर अवलंबून होती. २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ मुळात बसवणेच थांबवले, आणि अनेकांच्या खिडक्या रिकाम्या दिसू लागल्या. त्याच वर्षी १२ मे रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने एसएमबी १ मधल्याच दोषातून ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे संगणक बंद पाडले होते. त्या दोषाची दुरुस्ती १४ मार्चलाच निघाली होती, त्यामुळे आजच्या अद्ययावत संगणकावर तोच हल्ला होणार नाही, हेही सांगायला हवे. तरीही हा कालबाह्य प्रोटोकॉल पुन्हा बसवण्याचे कारणच उरत नाही, कारण विंडोज १० आणि ११ एकमेकांशी एसएमबी ३ ने बोलतात. रिकाम्या यादीसाठी मायक्रोसॉफ्टने ‘फंक्शन डिस्कव्हरी’च्या (नेटवर्कवरचे संगणक शोधणाऱ्या) दोन सर्व्हिस चालू करायला सांगितले आहे, आणि यादीत नाव दिसत नसले तरी फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे त्या संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकला तर फोल्डर उघडू शकते.

पासवर्ड काढण्याचा सल्ला तर आता जोडणीच तोडू शकतो. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती पासवर्डशिवायची ‘गेस्ट’ जोडणी मुळातच नाकारते. डीएनएसचा घरातल्या घरात फाइल पाठवण्याशी संबंध नाही. राउटर बंद-चालू केल्याने कधीकधी खरोखर फरक पडतो, विशेषतः संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, म्हणजे राउटरकडून पत्ता मिळालाच नसेल, तेव्हा.

मामांच्या घरातला बिघाड या पाचांपैकी एकाही उपायाने जाणारा नव्हता. दोन्ही संगणकांवर ‘कमांड प्रॉम्प्ट’च्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केले, तेव्हा डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.१.७ निघाला आणि लॅपटॉपचा १९२.१६८.०.१०४. तिसरा आकडा वेगळा होता. माडीवर रेंज येत नाही म्हणून मागच्या वर्षी बसवलेला दुसरा राउटर स्वतःचे निराळे नेटवर्क चालवत होता, आणि एकमेकांना शोधण्याची हाक राउटर ओलांडत नसल्याने यादी कोरी राहत होती. इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चालत असल्यामुळे तिकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते. मी दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला, म्हणजे तो स्वतःचे नेटवर्क न चालवता पहिल्याचेच नेटवर्क पुढे नेऊ लागला, तसा लॅपटॉपलाही १९२.१६८.१ चा पत्ता मिळाला.

मग डेस्कटॉपवर फायरवॉल पुन्हा चालू केली, एसएमबी १ काढून टाकले, नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ केले आणि डी ड्राइव्हचे शेअरिंग रद्द करून पासवर्डसह फक्त हिशेबाचे फोल्डर शेअर केले. लॅपटॉपने नाव आणि पासवर्ड मागितला तेव्हा मामांनी रोजचा चार आकडी पिन टाकला आणि तो नाकारला गेला. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. नेटवर्कवरून शिरताना खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो. मामांनी तो वहीच्या मागच्या पानावरून शोधून काढला आणि फोल्डर उघडले.