घरात माता, फोडणीला रजा

कांजिण्यांचे फोड सहन होतात. खाज सहन होते, म्हणजे होत नाही, पण कॅलामाइन थापून आणि दात-ओठ खाऊन माणूस वेळ काढतो. सहन होत नाही ते ताट. मोठेपणी कांजिण्या निघाल्या की लेकरांपेक्षा जास्त त्रास देतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेजारपाजार पथ्य सांगायला बसेल, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

डॉक्टरांचं म्हणणं दोन मिनिटांत आटोपलं. फोड निघाल्या निघाल्या आलात म्हणून विषाणूवरचं औषध असायक्लोव्हिर देतो, त्यावर पाणी भरपूर प्या. तापाला पॅरासिटामॉल, मनानं दुसरं काही घेऊ नका. कोमट पाण्यानं आंघोळ करा, अंग रगडू नका. तोंडात फोड आहेत तोवर तिखट, आंबट, खारट टाळा. मऊ आणि गार काहीही खा. बाकी पथ्य नाही.

"पथ्य नाही म्हणते? डाक्तर होये का कोन होये थो?" आजीनं तिथल्या तिथे डॉक्टरांची पदवी काढून घेतली. दारात कडुलिंबाचा डहाळा लागला आणि फर्मान सुटलं: घरात माता आहे, कढईत तेल तापणार नाही. म्हणजे फोडणी बंद. मला नव्हे, अख्ख्या घराला.

वऱ्हाडी घरात फोडणी बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. जिथे वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री नसली तर पाहुणा रुसतो, तिथे पहिल्या संध्याकाळी सगळ्यांच्या ताटात मुगाचं बिनफोडणीचं वरण पडलं. बाबांनी वाटीत बोट बुडवून पाहिलं. मग माझ्याकडे जे पाहिलं, ते बापानं आजारी पोराकडे पाहण्यासारखं नव्हतं.

आजीचे नियम काही हवेतून आले नव्हते. तिच्या तरुणपणी खरी देवी यायची आणि माणसं घेऊन जायची. ती देवी जगातून गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं १९८० मध्ये जाहीर केलं. कांजिण्यांचा विषाणूही वेगळा, देवीचा वेगळा. पण आमच्या चुलीपर्यंत ते पत्रक पोचलं नाही, आणि पोचतं तरी आजीनं ते चूल पेटवायला वापरलं असतं.

माझं मात्र, खोटं कशाला बोलू, बरं चाललं होतं. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून थंड केलेल्या, त्यात गोड ताक, मीठ नावाला. घोट घशातून उतरताना आतले फोडसुद्धा घटकाभर गप्प बसत. दुपारी गुळाच्या पाण्यात कालवलेलं सातूचं पीठ, रात्री दूधभात. डॉक्टरांचं मऊ-गार आणि आजीचं थंड एकाच वाटीत येऊन मिळालं होतं. भांडण फक्त श्रेय कोणाचं एवढंच.

छळ होता तो खिडकीबाहेर. आमचा वरुड तालुका म्हणजे संत्र्यांपायी विदर्भाचा कॅलिफोर्निया, आणि हंगाम मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळी फुलोऱ्याच्या फळांच्या, तोड्याचा. अंगणात संत्र्यांचा ढीग, त्याचा वास थेट खाटेपर्यंत. त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण, आजाऱ्याला फळ न्यावं म्हणून, संत्रीच घेऊन यायचा! संत्र्याच्या गावात! ज्यांना कांजिण्या होऊन गेल्या होत्या ते बिनधास्त खाटेशी बसत, मला एक संत्रं देत, मग "तुले तं चालत नाही ना बाप्पा" म्हणून तेच सोलून स्वतः खात आणि बिया माझ्या उशापाशी ठेवत. एकदा मी एक फाक जिभेवर ठेवून पाहिली. डोळ्यांपुढे मध्य प्रदेशाची हद्द तरळली.

इकडे घर कासावीस झालं होतं. काका रोज "बागेत काम आहे" म्हणून जायचे आणि मिशीला कांद्याच्या भज्यांचा वास घेऊन परतायचे. बाबा सकाळ-संध्याकाळ माझा सदरा वर करून पाठ तपासायचे. सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या की माझ्यापासून लागण होण्याची भीती संपते, हे डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं. "हे पाह्य माय, शेवटचाबी सुकला!" ते ओरडले, तेव्हा माझ्या प्रकृतीबद्दल इतका आनंद घरात पूर्वी कधी झाला नव्हता.

कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं मला न्हाऊ घातलं, मातेला दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि संध्याकाळी कढईत मोहरी तडतडली. काका त्या दिवशी बागेत गेले नाहीत.

पुढे दोनेक आठवडे घर सुखात जेवलं. पण ही लागण अंगावर फोड दिसायच्या आधीच एक-दोन दिवस सुरू होते, आणि पुतण्या तेव्हा माझ्याच ताटात जेवत होता. रविवारी आलू-वांग्याचा रस्सा वाढून झाला होता, भाकरी तव्यावरून उतरत होत्या, आणि पोट्ट्यानं पोट खाजवत बनियन वर केलं. बेंबीजवळ पाण्यानं भरलेले दोन टपोरे फोड. वहिनी उठायला लागली, तसं बाबांनी तिला हातानंच थांबवलं, पोट्ट्याचं बनियन खाली ओढलं आणि हळूच म्हणाले, "माय देवळातून याले अजून वेळ आहे. आधी रस्सा वाढ."