दहा चांगल्या वासरांवरून वळूचं रक्त स्वच्छ ठरत नाही

गोपालकांमध्ये एक मजकूर सारखा पुढे पाठवला जातो. लाइन ब्रीडिंग (एका उत्तम वळूचं रक्त टिकवायला त्याच्याच वंशात मेळ घालणं) म्हणजे इनब्रीडिंग (जवळच्या नात्यातला मेळ) नव्हे. वळू उत्तम असेल तर त्याच्या नाती त्याच्याकडूनच बिनधास्त भरवा. दोष असता तर पहिल्या दहा वासरांत दिसला असता. आणि अडचण आलीच तर एकदा बाहेरचं रक्त घाला. यातलं एकेक विधान तपासू.

‘लाइन ब्रीडिंग वेगळं.’ हेतू वेगळा, हिशेब तोच. बाप-लेकीच्या मेळातून वासराचा इनब्रीडिंग गुणांक (जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता) 25 टक्के येतो, आजा-नातीच्या मेळातून 12.5 टक्के. सावत्र भावंडांच्या मेळातूनही नेमका 12.5च येतो. तो मेळ नको म्हणणारे आजा-नातीला मात्र सहज होकार देतात.

‘वळू धडधाकट, म्हणजे वंशात दोष नाही.’ सुप्त जनुकाचा दोष आई-बाप दोघांकडून एकेक प्रत आली तरच दिसतो. एकच प्रत असेल तर जनावर नुसतं वाहक असतं, त्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. कार्लिन-एम आयव्हनहो बेल हा होल्स्टीन वळू लेकींच्या दुधामुळे जगभर वापरला गेला, आणि तो ब्लॅड (रोगप्रतिकारशक्तीचा दोष) व सीव्हीएम (मणक्यांची घडण बिघडवणारा दोष) अशा दोन दोषांचा वाहक निघाला. ब्लॅडमध्ये पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून जंतूंपर्यंत पोचू शकत नाहीत. वासरू जन्मतः ठीक दिसतं, मग न्यूमोनिया, हगवण, तोंडातले व्रण यांची रांग लागते आणि बहुतेक वेळा वर्षाच्या आत ते दगावतं. गोठ्याच्या वहीत नोंद होते फक्त ‘न्यूमोनिया’.

‘पहिली दहा वासरं चांगली निघाली.’ सगळ्यात जास्त फसवणारं विधान हेच. वळू वाहक आहे आणि बाकी कळपात तो दोष नाही, असं धरा. त्याची लेक वाहक असण्याची शक्यता निम्मी. तिला त्याच्याचकडून बाधित वासरू होण्याची शक्यता आठात एक. दहा लेकींना एकेक वासरू झालं आणि दहाही निरोगी निघाली, असं वळू वाहक असूनही 26 टक्के वेळा घडतं. नातींवर पारख केली तर बाधित वासराची शक्यता सोळात एक, आणि दहाही निरोगी निघण्याची 52 टक्के. याला पारख म्हणायचं की नाणेफेक? 95 टक्के खात्री हवी तर 23 वेगवेगळ्या लेकींचं एकेक वासरू लागतं, 99 टक्क्यांसाठी 35. एकाच लेकीची चार वेतं चार लेकींच्या जागी धरू नका. ती स्वतः वाहक नसेल तर त्या चारांतून काहीच कळत नाही. ज्या गायींत तो दोष नाही, त्यांची हजार वासरंही पुरावा ठरत नाहीत.

शिवाय काही दोषांत वासरू जन्मालाच येत नाही. 1962 साली जन्मलेल्या पॉनी फार्म आर्लिंडा चीफ या वळूकडून पसरलेला, गर्भच दगावणारा एचएच1 दोष 2011 मध्ये लक्षात आला, तोही जनुकीय नोंदींतून: ठरावीक तुकडा आई-बाप दोघांकडून मिळालेलं एकही जिवंत जनावर सापडेना. म्हणून गाय कधी उलटली, म्हणजे भरवल्यावर पुन्हा माजावर आली, ते लिहा. 18 ते 24 दिवसांनी उलटली तर गर्भ राहिलाच नसेल किंवा अगदी सुरुवातीला गेला असेल; त्याहून उशिरा, अवेळी उलटली तर राहिलेला गर्भ नंतर गेल्याची शंका घ्या. कारण संसर्गही असू शकतं किंवा मधला माज नजरेतून सुटलेला असू शकतो. पण असे प्रकार एकाच वळूच्या लेकी-नातींत साचत असतील तर जनुकाकडे बघा.

‘बाहेरचं रक्त घातलं की दोष जातो.’ जात नाही, झाकला जातो. वाहक गायीची निम्मी वासरं वाहकच राहतात. आणि ‘बाहेरचा’ वळू वेगळ्या नावाखाली त्याच पणज्याचा निघू शकतो, तेव्हा वंशावळ निदान चार पिढ्या मागे वाचा.

वाहक सापडला म्हणून त्याला काढूनच टाकायला हवं असं नाही. त्या दोषापासून मुक्त ठरलेल्या जोडीदाराशी मेळ घातला तर बाधित वासरू होत नाही. होल्स्टीन वळूंच्या यादीत ब्लॅड-मुक्त वळूपुढे ‘टीएल’ आणि वाहकापुढे ‘बीएल’ असतं. सीव्हीएमसाठी ‘टीव्ही’ आणि ‘सीव्ही’. चाचणी फक्त माहीत असलेले दोष पकडते, म्हणून विचित्र किंवा मेलेलं वासरू पुरण्याआधी त्याचे फोटो काढा, कानाचा तुकडा घेऊन गोठवून ठेवा आणि त्यावर आई-बापाचे टॅग नंबर लिहा. जिवंत जनावराच्या शेपटीच्या गोंड्यातले 20-30 केस मुळासकट उपटून घ्या. कापलेल्या केसांना मूळ नसतं आणि नमुना बाद होतो.