ज्या स्वभावाला तारीख असते

तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात हा विषय शिकवणारी बाई म्हणजे माणसांच्या वागण्याचा उलगडा करून देणारी बाई, असा समज आहे. त्यामुळे बसथांब्यावर, लग्नाच्या मांडवात, किराणा दुकानात लोक मला थांबवून प्रश्न विचारतात. बरेचसे प्रश्न ठरलेले असतात. चांगला बोलणारा माणूस एकाएकी अबोल का होतो, एकदा फसलेला माणूस पुन्हा तीच चूक का करतो, मुलगा हुशार असून अभ्यासात लक्ष का घालत नाही. गेल्या वर्षी कापसाची वेचणी सुरू होण्याच्या सुमारास ओळखीचे एक कास्तकार असाच प्रश्न घेऊन आले. "मॅडम, माहा लहान भाऊ आता कोनाशी बोलत नाई. सोभावच तसा झाला त्याचा. तुमच्या पुस्तकात याचं काई उत्तर हाये काय?"

"भाऊ, हे केव्हापासून आहे?" मी विचारले.

त्यांनी मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, "पोयापासून." म्हणजे पोळ्यापासून.

ज्या गोष्टीची सुरुवात अशी सणावर बोट ठेवून सांगता येते, तिला स्वभाव म्हणता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. आपण हा शब्द फार लवकर वापरतो आणि एकदा तो वापरला की पुढची चौकशी थांबते, असे माझे मत आहे, आणि ते मी आज सविस्तर मांडणार आहे.

दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करायचे, या चुकीला ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये नाव दिले. मराठीत आपण तिला मूलभूत गुणारोपण दोष म्हणतो. त्याच्या दहा वर्षे आधी, १९६७ मध्ये, जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले होते. लेखकाने बाजू स्वतः निवडलेली नव्हती, ती त्याला नेमून दिली होती, असे सांगितल्यानंतरही वाचणाऱ्यांना वाटत राहिले की ज्याने बाजूने लिहिले तो मनातूनही थोडाफार त्याच बाजूचा असणार. सक्ती डोळ्यांसमोर असतानाही ती आपल्याला पुरेशी दिसत नाही, हे त्या प्रयोगाचे सार आहे.

मात्र ही चूक जगात सर्वत्र सारखीच होते, असे नाही. जोन मिलर या संशोधिकेने १९८४ मध्ये अमेरिकेतील आणि आपल्या म्हैसूरमधील माणसांची तुलना प्रसिद्ध केली. ओळखीच्या कोणी असे का वागले, हे सांगताना अमेरिकन प्रौढांनी स्वभावाकडे अधिक बोट दाखवले, तर म्हैसूरच्या प्रौढांनी नाती, प्रसंग आणि भोवतालची स्थिती यांकडे अधिक लक्ष वेधले. लहान मुलांमध्ये मात्र हा फरक जवळजवळ दिसला नाही. याचा अर्थ परिस्थिती पाहण्याची नजर मोठे होताना आपल्याला भोवतालच्या समाजाकडून मिळते. ती आपल्याकडे होती आणि आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका आजही एखाद्याविषयी बोलताना आधी "त्याच्या घरी काय झालं, ते पाहा" असे म्हणतात. हीच माणसे कर्जबाजारी कास्तकाराविषयी, व्यसनी माणसाविषयी किंवा नापास झालेल्या पोराविषयी बोलताना ती नजर का बाजूला ठेवतात, हे मला उमगलेले नाही. कदाचित दुसऱ्याच्या अडचणीला स्वभाव म्हटले की तीच अडचण उद्या आपल्यावर येईल ही भीती कमी होत असावी.

"त्यांना डोकं नाही" हे वाक्य मी कृषी केंद्राच्या ओट्यावर अनेकदा ऐकले आहे. उधारीवर महाग बियाणे उचलले, दुकानदाराने दिले ते औषध फवारले, पीक विम्याची तारीख चुकवली, म्हणजे डोके नाही. या वाक्याला मला ठाऊक असलेले सर्वांत थेट उत्तर तामिळनाडूतून आलेले आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाईनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. विल्लुपुरम आणि तिरुवन्नामलाई या जिल्ह्यांतील ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादकांना त्यांनी बुद्धीच्या त्याच चाचण्या दोन वेळा सोडवायला दिल्या, एकदा ऊस तुटण्यापूर्वी, हात आखडता असताना, आणि एकदा उसाचे पैसे हाती आल्यानंतर. माणसे तीच होती. पैसे आल्यानंतर त्यांनी तेच काम लक्षणीयरीत्या चांगले केले. ऊसतोड सर्वांची एकाच आठवड्यात होत नाही, ती कित्येक महिने टप्प्याटप्प्याने चालते, त्यामुळे हा फरक केवळ ऋतूचा आहे असेही म्हणता येत नव्हते. आहार, अंगमेहनत, हाताशी असलेला वेळ आणि ताण यांचाही संशोधकांनी विचार केला आणि या कारणांनी फरकाचा उलगडा होत नाही, असा निष्कर्ष मांडला. त्यांचे म्हणणे असे की पैशाची चणचण स्वतःच मनाची जागा अडवून बसते आणि उरलेल्या जागेत माणसाला बाकीचे सगळे निर्णय घ्यावे लागतात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि पगारानंतर कमी उत्पन्नाच्या लोकांची अशीच तपासणी झाली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असा फरक आढळला नाही. मला यात फारसे नवल वाटत नाही. महिना-पंधरा दिवसांनी येणारा पगार आणि वर्षातून एकदा हाती येणारा पिकाचा पैसा यांची चणचण सारखी नसते. आमच्याकडे जूनमध्ये पेरणीला गेलेला पैसा सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन पहिली वेचणी झाल्याशिवाय परत दिसत नाही, आणि मधल्या काळात डवरणी, निंदण, खत, फवारणी, मुलांची फी आणि पोळ्याचा खर्च एकामागून एक उभा राहतो. त्या ऑगस्टमधल्या माणसाने घेतलेल्या निर्णयावरून आपण त्याच्या अकलेचे मोजमाप करतो, आणि डिसेंबरमध्ये तोच माणूस शांतपणे बसून चार घरांचे व्यवहार सोडवून देतो, हे विसरतो.

लोभाविषयीही असेच आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तो खाली आला, तेव्हा अनेकांनी कापूस घरातच भरून ठेवला. झोपायच्या खोलीत कापूस आणि माणसे ओसरीवर, अशी घरे मी पाहिली आहेत. भाव आणखी उतरला आणि मग लोक म्हणाले, हाव नडली. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की माणूस नफा-तोटा शून्यापासून मोजत नाही, मनात पक्क्या बसलेल्या एखाद्या आकड्यापासून मोजतो, आणि तितक्याच रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख त्याला अधिक होते. कानेमान यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मुख्यतः याच कामासाठी. ज्याच्या मनात दहा हजार बसले आहेत त्याला आठ हजारांत विकणे म्हणजे क्विंटलमागे दोन हजार गमावणे वाटते, आणि ते टाळण्यासाठी तो आणखी मोठी जोखीम पत्करतो. शहरातला गुंतवणूकदार पडलेला शेअर विकत नाही, तो याच कारणाने. त्याला मात्र कोणी हावरट म्हणत नाही, संयमी म्हणतात. हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

माझीही एक चूक इथे नोंदवते, कारण ती मी वर्गात, हा विषय शिकवत असताना केली. बारावीतला एक मुलगा हिवाळाभर पहिल्या तासाला बाकावर डोके टेकवून झोपत असे. मी त्याला सर्वांसमोर आळशी म्हटले आणि प्रगतिपत्रकावर "बेफिकीर वृत्ती" असा शेरा लिहिला. शेतीची वीज त्यांच्या भागात त्या दिवसांत रात्रीच्या पाळीत येत होती आणि वडिलांच्या पाठीचे दुखणे वाढल्यामुळे हरभऱ्याला पाणी देण्यासाठी तोच रात्री वावरात जात होता, हे मला त्याच्या आईकडून फेब्रुवारीत कळले. त्याने स्वतः कधीही सांगितले नाही. मी त्याची क्षमा मागितली, पण तो शेरा त्याच्या घरी त्या कागदावर आजही तसाच आहे, आणि ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. सगळे परिस्थितीवर टाकले तर माणसाची जबाबदारी कुठे उरली? एका विद्यार्थिनीने मला तास संपल्यावर विचारले होते, "मॅडम, बाबा दारू पिऊन आईला मारतात, तीही परिस्थितीच का?" मी तिला विचारले की बाबा दारू पिऊन सावकाराला मारतात का, तलाठ्याला मारतात का. ती नाही म्हणाली. परिस्थितीचा भार त्या माणसावर खरा असेल, परंतु तो हात कोणावर उगारायचा हे ठरवतो, आणि जिथे तो ठरवतो तिथे तो उत्तर द्यायला बांधील आहे. कारण समजून घेणे आणि माफ करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले केल्याने दुसरे आपोआप होत नाही, हे मी प्रत्येक तुकडीला सांगते.

आता हातपाय गाळून बसलेल्या माणसाविषयी. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून असे मांडले की आपण काही केले तरी त्रास थांबत नाही, हा अनुभव वारंवार आला की प्राणी सुटका शक्य असतानाही प्रयत्न सोडतो. मेंदूचा अभ्यास पुढे गेल्यावर याच दोघांनी २०१६ मध्ये स्वतःचा सिद्धांत उलटा करून मांडला. दीर्घ त्रासात निपचित होणे ही सजीवाची मुळातली प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. आपल्या हाती काही आहे, ही जाणीव मात्र शिकावी लागते. पन्नास वर्षांनी आपलेच म्हणणे दुरुस्त करणाऱ्या या दोघांविषयी मला आदर आहे. बाजेवर पडून राहिलेल्या माणसाला "उठ, हिंमत धर" असे दहा जण सांगतात, तेव्हा त्याचा उपयोग का होत नाही, हे मला या दुरुस्तीमुळे कळले. त्याच्या हातून एखादे लहान काम पुरे होणे आणि त्याचा परिणाम त्याला दिसणे, ही तिथली पहिली पायरी असते.

ही पायरी गावातच बांधता येते, याचा पुरावा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला आहे. तेथील ३० गावांत 'विश्राम' या नावाच्या उपक्रमाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन मनाच्या आजारांविषयी बोलण्याचे आणि मदत पोहोचवण्याचे काम केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते साधारण दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले, असे त्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. चारातल्या तिघांपर्यंत तरीही मदत पोहोचली नाही, हेही त्याच आकड्यात आहे. मनाच्या त्रासाविषयी फोनवर मदत करणारी सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते; हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला मला अजून एकाही गावात दिसला नाही. कोणी निराश असेल तर त्याला मरणाचे विचार येतात का, हे विचारू नये, विचारल्याने ते डोक्यात भरते, असेही आमच्याकडे मानतात. तसे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हा गैरसमज असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. मोकळेपणाने विचारल्याने त्या माणसाला बोलायला वाट मिळते.

त्या कास्तकार भावांना मी एवढेच सुचवले की उपदेश न करता धाकट्याला पोळ्याच्या दिवसांविषयी विचारा. ते चार दिवसांनी पुन्हा आले आणि दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. पोळ्याच्या आठ दिवस आधी खताची उधारी फेडण्यासाठी धाकट्याने घरची बैलजोडी विकली होती. घरातल्या सर्वांना ते ठाऊक होते, व्यवहाराला दोघे भाऊ सोबतच गेले होते. पोळ्याच्या दिवशी गावातल्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या तेव्हा हा आतल्या खोलीत दार लावून बसला, आणि घरच्यांनी त्याला झोप लागली असे समजून सणाचे ताट झाकून ठेवले. "मीच दावं सोडून देल्लं होतं मॅडम," ते म्हणाले, "अन मलेच समजलं नाई." पुढच्या आठवड्यात ते धाकट्याला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेले. परतीच्या एसटीत तो खिडकीजवळ बसला होता आणि रस्त्याकडेच्या वावरातली पऱ्हाटी पाहून कोणाचा कापूस किती फुटला, हे आपणहून सांगत होता, असे त्यांनी मला फोनवर कळवले.