काटेरी बोंडे आणि शेकडो खुर्च्या

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील उमरावांचे जुने वाडे पाहण्याचे वार्षिक सदस्यत्व एकदा घेतले की ते वसूल करणे हे मराठी कुटुंबाचे कर्तव्यच ठरते, आणि आमच्या घरी ते कर्तव्य यजमान विलक्षण निष्ठेने पार पाडतात. यंदा सासूबाई उन्हाळ्यापुरत्या आमच्याकडे आल्यामुळे या निष्ठेला मातृभक्तीचीही जोड मिळाली असून, आमचा एकही रविवार घरी गेलेला नाही.

या वाड्यांत झुंबरे, तसबिरी आणि पूर्वज विपुल असले, तरी खरी सुबत्ता असते ती खुर्च्यांची. मखमली, कोरीव, सोनेरी मुलाम्याच्या शेकडो खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या बैठकीवर एक सुकलेले काटेरी बोंड अलगद ठेवलेले असते. ‘येथे बसू नये’ अशी पाटी लावणे इंग्रजी शिष्टाचाराला उद्धट वाटते. त्यापेक्षा बसणाऱ्याला ते स्वतःहून कळावे, अशी ही व्यवस्था आहे. रेशमाचा रंग उडू नये म्हणून पडदेही ओढून घेतलेले असल्यामुळे त्या अर्धवट अंधारात बोंड दिसेलच, याची मात्र खात्री नसते.

दालनातील एकमेव बोंडविरहित खुर्ची तेथल्या वयोवृद्ध स्वयंसेवकाची असते. हे हेरून सासूबाईंनी एका वाड्यात खोलीच्या पार दुसऱ्या टोकाच्या चित्राविषयी माझ्याकरवी प्रश्न विचारला, तो सद्गृहस्थ उत्साहाने उठून मला तिकडे घेऊन गेला, आणि त्याचे व्याख्यान संपेपर्यंत सासूबाईंचे गुडघे पूर्ण विसावले होते.

डर्बीशायरमधील केडल्स्टन हॉल पाहिल्यावर तर माझी अशी समजूत झाली आहे की, या खुर्च्यांवर मालकही फारसे बसले नसावेत. वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडमने गुलाबी अलाबास्टर दगडाच्या 20 खांबांनी सजवलेला मधला भव्य भाग मुळात पाहुण्यांचे डोळे दिपवण्यासाठी होता. कुटुंब राहत असे बाजूच्या एका भागात. लॉर्ड कर्झन यांचा जन्म येथलाच. कोलकात्याचे गव्हर्न्मेंट हाऊस याच वाड्याच्या नमुन्यावर बांधलेले असल्यामुळे व्हाइसरॉय झाल्यावर त्यांना घर बदलल्याचा फारसा त्रास झाला नसेल. त्यांनी पूर्वेकडून जमवलेल्या वस्तूंचे दालन तळमजल्यावर आहे. तेथील हस्तिदंत आणि चांदी न्याहाळून सासूबाई म्हणाल्या, “आपल्याकडचंच बघायला आपणच वर्गणी भरायची का रे?” यजमानांनी त्यांना बागेकडे नेले.

त्यांना मनापासून आवडला तो जवळचाच कॉक अ‍ॅबी. तेथील हार्पर क्रू घराण्याला काहीही टाकून देणे पिढ्यान्‌पिढ्या जमले नाही. 1985 मध्ये वाडा ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला, तेव्हा ट्रस्टने तो नवा न करता आहे त्या पडझडीसह जपायचे ठरवले. त्यामुळे भिंतींचे पोपडे, पेंढा भरलेले पक्षी आणि अडगळीच्या खोल्या आजही शास्त्रशुद्ध पद्धतीने सांभाळल्या जातात. “रंग द्यायला माणूस मिळाला नाही वाटतं,” असे प्रथम म्हणणाऱ्या सासूबाई काचेआडच्या पलंगापाशी मात्र थबकल्या. अठराव्या शतकातील त्या पलंगाचे चिनी रेशमी पडदे पेट्यांतून बाहेरच काढले न गेल्यामुळे त्यांचे रंग ताजे राहिले आहेत, हे ऐकताच त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. लग्नात आलेल्या चादरी मी पहिल्याच वर्षी वापरायला काढल्या, हे त्या विसरलेल्या नाहीत.

डेव्हनशायरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ या वाड्याला गेलो तेव्हा पाऊस असल्यामुळे आम्ही कारंजे घाईतच पाहिले. रशियाचा झार येणार म्हणून ड्यूकच्या मुख्य माळ्याने, जोसेफ पॅक्स्टनने, ते 1844 मध्ये मोठ्या तातडीने उभारले, आणि झार आलाच नाही. “फोन नव्हते ना तेव्हा,” सासूबाईंनी ड्यूकच्या वतीने सारवासारव केली.

मुळात हे उमराव आपल्याला दारे उघडतात, त्यामागे आतिथ्यापेक्षा मृत्युकर अधिक आहे. 1950 मध्ये डेव्हनशायरचे दहावे ड्यूक वारल्यावर त्या घराण्यावर 80 टक्के कर बसला आणि त्यापोटी हार्डविक हॉल सरकारच्या स्वाधीन करावा लागला. ही माहिती सांगताना यजमानांचा आवाज नको इतका आनंदी होता, कारण पुढच्या रविवारी हार्डविकचाच बेत ठरला आहे. तेथील मुख्य दालने सर्वांत वरच्या मजल्यावर असून, वर जायला लांबलचक दगडी जिना आहे. सासूबाईंनी स्वयंसेवकाला विचारायचे प्रश्न आतापासूनच काढायला घेतले आहेत.