खांबाला पाट

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा आमच्या भागातल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि त्यांच्यासोबत आमच्या घराची पुढची पडवीही गेली. लोकांच्या बागांचे नुकसान एवढे मोठे होते की पडवीबद्दल हळहळणे अशिष्टपणाचे दिसले असते, म्हणून मी पुढची दोन-तीन वर्षे ते मनातल्या मनात उरकले. छप्पर उडून शेजाऱ्यांच्या विहिरीवर जाऊन बसले, हे एक वेळ वादळाचे कर्तृत्व म्हणता येईल. परंतु सहाही खांब जमिनीलगत, कोणी करवत फिरवावी तसे एका पातळीत मोडले होते, त्याचे श्रेय वादळाला देता येत नव्हते. मोडलेल्या बुंध्यात मी बोट घातले, तर ते दुसऱ्या पेरापर्यंत सहज आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्याला चहाच्या चोथ्यासारखे काहीतरी लागलेले होते.

वडिलांनी ते खांब मातीत पुरले होते आणि पुढे कधीतरी, घर नीटनेटके दिसावे म्हणून, त्यांच्या भोवती सिमेंटचा कोबा घातला होता. लाकडाचे आडवे कापलेले टोक म्हणजे बारीक नळ्यांची जुडी असते. खांबाच्या अंगावर पडलेले पाणी ओघळून जाते, पण बुडाला लागलेले पाणी तो नळ्यांनी ओढून घेतो. काँक्रीट दिसायला कोरडे ठणठणीत असले तरी तेही खालून ओल शोषत असते आणि आपल्या अंगाला टेकलेल्या लाकडाला ती उदारपणे पुरवत राहते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीचा संसार सुरू होतो, मागोमाग वाळवी येते, आणि घरातली माणसे मात्र खांबाला दरवर्षी वरून तेलपाणी करून समाधानात असतात.

नव्या पडवीचे खांब ऐनाच्या लाकडाचे असावेत आणि ते काँक्रीटला शिवता कामा नयेत, असे मी ठरवले. उपाय सोपा होता. खांबाच्या खाली लोखंडी बैठक बसवायची, तिची तळपट्टी बोल्टांनी काँक्रीटला घट्ट करायची, आणि खांब मात्र तळपट्टीपासून एक इंच वर, दुसऱ्या पट्टीवर उभा करायचा. पाणी खालून निघून जाते, हवा खेळते, बूड वाळते. अडचण एवढीच होती की ही वस्तू आमच्याकडे तयार मिळत नव्हती आणि तिला नावही नव्हते. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मी ‘पोस्ट बेस’ मागितला, तेव्हा मालकांनी बराच विचार करून मला टपालपेटी भिंतीवर ठोकायच्या पट्ट्या दाखवल्या.

अखेर फॅब्रिकेटरकडे जाऊन मी कागदावर चित्र काढले. त्याने चित्र उलटे धरले, सुलटे धरले आणि विचारले, “साहेब, म्हणजे खांब अधांतरी ठेवायचा?” मी ‘होय’ म्हणालो. आपले पैसे बुडणार नाहीत ना, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले. पण काम घेतले. सहा मिलिमीटर जाडीची पट्टी, चार भोके, खांबाला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन उभे कान आणि मधे एक इंच उंचीवर आडवी बैठक. खाऱ्या हवेत साधा रंग दोन पावसाळे टिकत नाही, म्हणून वेल्डिंग पुरे झाल्यावर त्यावर जस्ताचा मुलामा चढवून आणायचा, कारण आधी मुलामा दिला तर वेल्डिंगमध्ये तोच जळून जातो, हेही मी बजावले. वस्तू घरी आल्या तेव्हा काकांनी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, त्यातली एक हातात घेऊन निरखली आणि म्हणाले, “हा तर पाट आहे. नवरदेवाला जमिनीवर बसवत नाहीत, तसा तू खांबाला बसवणार नाहीस. मग एवढी पायपीट कशाला? आपल्याकडे खांबाखाली तळखडा असायचाच.”

काकांचे खरे होते आणि त्यामुळे मला जरा रागच आला. जुन्या वाड्यांत लाकडी खांब जमिनीत पुरत नसत. त्याच्याखाली घडीव दगडाचा तळखडा असे. पुण्यातल्या विश्रामबागवाड्याचे सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकारात घडवलेले, खांब एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून उभे आहेत. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, तेव्हा लाकूड गेले आणि जोती राहिली. म्हणजे पेशवाईत जे कळत होते ते आमच्या घरात सिमेंटची पहिली गोणी आली त्या दिवशी विसरले गेले, असा त्याचा अर्थ. पण तळखड्यावरचा खांब आपल्या जागी राहतो तो डोक्यावरच्या तुळया, वासे आणि कौलांच्या वजनाने. आमच्या पडवीवर पत्रा येणार होता, आणि पत्र्याला वजनापेक्षा उडण्याची आवड अधिक असते.

हा मुद्दा सुतारांना पटेना. “भाऊ, खांब काय पळून चाललाय बोल्ट मारायला?” असे त्यांनी विचारले. मी त्यांना हिशेब सांगितला: ताशी शंभर किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलोचा जोर लावतो, आमचे छप्पर १८ चौरस मीटरचे, म्हणजे वारा ते साडेआठशे किलोच्या आसपासच्या जोराने वर उचलू पाहणार, आणि पत्र्यांचे स्वतःचे वजन शंभर किलोही नाही. खांबाचे काम छप्पर पेलण्याचे आहे तितकेच ते धरून ठेवण्याचेही आहे. सुतारांनी तंबाखू मळत सगळे ऐकून घेतले, शेजाऱ्यांच्या विहिरीकडे एकदा पाहिले, आणि काही न बोलता गिरमिट उचलले.

गिरमिटाने काम भागले नाही. ऐनाचे जुने लाकूड म्हणजे लोखंडाचा चुलतभाऊ. ड्रिल मशीनने एका बाजूने भोक पाडत गेले तर ते दुसऱ्या बाजूला भलतीकडेच निघे, म्हणून दोन्ही बाजूंनी पाडायचे ठरले. दोन्ही भोके खांबाच्या पोटात एकमेकांना भेटतील अशी आमची अपेक्षा होती, पण ती शेजारून निघून गेली. शिवाय चार इंची म्हणून आणलेल्या सहा खांबांपैकी चार इंचांचा एकही नव्हता. कोणी दोन सूत कमी, कोणी तीन सूत जास्त. जाडे खांब रंधून आत घातले, बारक्यांना पाचरी मारल्या, आणि एक खांब असा निघाला की तो वरच्या अंगाला बारीक आणि खालच्या अंगाला जाड होता, त्यामुळे त्याला डोक्यावर उभा करावा लागला.

काँक्रीटमधल्या भोकांचे काम मी स्वतःकडे घेतले होते. नव्या जोत्याला अठ्ठावीस दिवस पाणी मारून झाले होते. अँकर फास्टनर हा भोकाच्या आत फुगून पकड घेतो, म्हणून तो कडेच्या फार जवळ ठोकला तर काँक्रीटचा कोपराच उडतो, हे वाचून मी प्रत्येक भोक कडेपासून पाच इंच आत आखले. जे वाचले नव्हते ते असे की, नेमक्या त्याच जागी गवंड्याने सळी टाकलेली असते. हॅमर ड्रिलचा आवाज बदलतो, हात झिणझिणतात, आणि पात्याच्या टोकाला काळसर चमक येते. मग पट्टी जरा फिरवायची आणि पुन्हा आखायचे. भोकातली धूळ काढली नाही तर फास्टनर धुळीलाच पकडतो, म्हणून मी मुलाचा सायकलचा पंप लावून ती नीट उडवली. दिवस मे महिन्याचे होते आणि तीन पावलांवर सौभाग्यवतींनी आमसुले वाळत घातली होती. “यंदा सोलकढी भिंतीलाही लावता येईल,” एवढेच ती म्हणाली, परंतु ते ती दिवसातून तीनदा म्हणाली.

सहा खांब उभे राहिले. ओळंबा धरला, गुण्या लावला, नट आवळले, आणि मी समाधानाने एका खांबाला टेकलो, तर तो एसटीतल्या उभ्या प्रवाशासारखा डुलला. बाकीच्या पाचांचीही तीच गत. लोखंडी बैठक खांबाला सरकू देत नाही आणि उचलू देत नाही, पण त्याला ताठ उभे ठेवणे हे तिचे कामच नव्हे. बुडाशी तो बिजागरीवर असल्यासारखाच असतो, आणि ताठपणा वरून, तुळईला जोडलेल्या तिरप्या लाकडांनी द्यावा लागतो. मी घाईघाईने हे सुतारांना समजावू लागलो. त्यांनी मागे बोट दाखवले. भिंतीला बारा तिरपे टेकू, दोन्ही टोके पंचेचाळीस अंशांत कापून, सकाळपासून उभे करून ठेवलेले होते.

छप्पर चढले. दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला बिले चुकती करायला गेलो आणि संध्याकाळी परतलो, तेव्हा गवंडी हात धूत होता. जोत्याच्या पायरीचा राहिलेला कोपरा करायला तो आला होता, आणि थोडा माल उरला म्हणून, कोणी न सांगता, वेगळी मजुरी न मागता, केवळ आमच्या घराण्यावरच्या लोभापोटी, त्याने सहाही खांबांखालची एक इंचाची फट सिमेंटने बुजवून वरून थापी फिरवली होती. “सुतारांनी खांब आखूड कापले होते, भाऊ,” तो हळू आवाजात म्हणाला, “मी झाकून टाकलं. कोणाला सांगू नका.”

त्याच्या चेहऱ्यावरचा चांगुलपणा पाहून मला बोलवेना. मी त्याला चहा दिला, वाटेला लावले, आणि रात्री जेवणानंतर टॉर्च तोंडात धरून, पालथा पडून, छिन्नी-हातोडीने तो ओला माल उकरू लागलो. सौभाग्यवती शेवटी बाहेर आली, टॉर्च माझ्या तोंडातून काढून तिने स्वतः धरला आणि आमसुलांविषयी एक शब्दही काढला नाही. साडेबारा वाजता सहावा पाट मोकळा झाला.

पहिला मोठा पाऊस ९ जूनला आला. पागोळ्यांचे पाणी जोत्यावर उडाले, खांबांच्या खालून वाट काढत गेले, आणि उघडीप होताच बुडे वाळून पांढुरकी दिसू लागली. काका खुर्चीतून उठले. त्यांनी दिनदर्शिकेचे मे महिन्याचे फाडलेले पान आणले, त्याची घडी केली, आणि पहिल्या खांबाखालून ते या बाजूने सरकवून त्या बाजूने ओढून घेतले. मग दुसरा खांब, तिसरा, चौथा. पाचव्याशी पान अडकले. काकांनी ते मागे घेतले, पुन्हा घातले, आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले.

मी छिन्नी आणायला आत गेलो.