अमेरिकेहून आलेला कॉर्डलेस कसा वापरावा

भाचा न्यू जर्सीहून येतो, बॅगेतून बदाम निघतात, चॉकलेटं निघतात, व्हिटॅमिनच्या गोळ्यांचे बरणीएवढे डबे निघतात आणि सगळ्यात तळाला टॉवेलात गुंडाळलेला कॉर्डलेस फोन निघतो. अभिनंदन! आता पहिलं काम म्हणजे त्याचा बॉक्स आणि माहितीपुस्तिका रद्दीत टाका. कारण त्या पुस्तिकेत बरेचदा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा फोन अमेरिकेत वापरण्यासाठी आहे, दुसऱ्या देशात वापरलात तर तिथला कायदा मोडू शकतो. असलं काही वाचलं की उगाच मन खट्टू होतं.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात डेक्ट 6.0 असं असेल (डेक्ट म्हणजे डिजिटल कॉर्डलेसची एक पद्धत). शेजारी विचारतीलच, तर खुशाल सांगा की सहावं व्हर्जन आहे, इंडियात अजून आलेलं नाही. खरं तर व्हर्जन एक ते पाच असं काही नव्हतंच, 6.0 हे नुसतं विकण्यापुरतं ठेवलेलं नाव. पण इंडियात आलेलं नाही हे मात्र अगदी खरं, आणि ते का आलं नाही हा प्रश्न आपण विचारायचा नाही.

कोणी विचारलाच तर उत्तर असं आहे. अमेरिकेने 2005 साली 1920 ते 1930 मेगाहर्ट्झची रेडिओ लहरींची पट्टी घरगुती कॉर्डलेसला मोकळी करून दिली. युरोपातला डेक्ट चालतो 1880 ते 1900 मध्ये. आणि आपल्याकडे 1920 पासून पुढे मोबाईलची एक पट्टी सुरू होते, त्यातही नेमकी ती बाजू जिच्यावर मोबाईल बोलतो आणि टॉवर ऐकतो. म्हणजे टॉवर बिचारा कान टवकारून लांबच्या मोबाईलचा क्षीण आवाज ऐकायला बसलाय आणि शेजारच्या बिल्डिंगमधून तुमच्या कॉर्डलेसचा बेस, म्हणजे हँडसेट ठेवायचा तो डबा, त्याच्या कानात पिपाणी वाजवतोय. (टॉवर नको म्हणून सोसायटीत सह्या गोळा करणारे पण तुम्हीच होतात ना?) तेव्हा बेस शोकेसमध्ये, क्रोशाच्या रुमालावर, खिडकीकडे तोंड करून ठेवा आणि रेंज येत नाही ही सोसायटीच्या ग्रुपवरची पहिली तक्रार तुम्हीच टाका. कंपनीला दोन शिव्या हासडा. म्हणजे तुमच्यावर कोणाचा संशय येणार नाही.

कायद्याचं फार मनावर घेऊ नका. 1933 च्या वायरलेस कायद्यात विनापरवाना ट्रान्समीटर जवळ बाळगला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं लिहिलं होतं. 2023 मध्ये नवा कायदा केलाय, पण जुना तरी आपण कुठे वाचला होता? आणि एखाद्या दुपारी गच्चीवर दोन माणसं हातात अँटेना घेऊन गोल गोल फिरताना दिसली तर चहा विचारा, डिश टीव्हीवाले आहेत असं समजून.

आता प्लग. अमेरिकन अडॅप्टरच्या पिना चपट्या, आपल्या बोर्डात बसत नाहीत, मग कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून कन्व्हर्टर पिन आणायची. ती फक्त पिनेचा आकार बदलते, व्होल्टेज नाही, आणि अडॅप्टरच्या पाठीवर नुसतं 120 लिहिलेलं असलं तर आपल्या 230 वर त्याचं काय होतं हे बघायला चष्मा लागत नाही, नाक पुरतं. आमच्याकडे आधी किंचित गुणगुणला, मग कोणीतरी बटाटा जाळल्यासारखा वास आला आणि आमच्या हिने स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला.

हँडसेटमधले सेल गेले तर टीव्हीच्या रिमोटातले काढून घाला, साईज बहुतेक तीच असते. आतले मूळचे चार्ज होणारे असतात आणि हे साधे होत नाहीत, ठेवले चार्जिंगला तर गळतात, कधी फुटतातही, पण साईज तीच असते ना.

एक मात्र कबूल करायला पाहिजे, जुन्या ताणायच्या अँटेनावाल्या कॉर्डलेसची मजा या डिजिटलला नाही. तो 46 आणि 49 मेगाहर्ट्झच्या आसपास उघडा उघडा बोलायचा, तुमचा आणि शेजाऱ्यांचा फोन एकाच चॅनलवर आला की त्यांच्या मुलीला बघायला कोण येणार, हुंड्याचं काय ठरलं, सगळं घरबसल्या. आता सगळ्या सोसायटीचं नेटवर्क पाडायचं आणि बदल्यात एक बातमी नाही.

गुरुवारी महावितरणवाले लाईट घालवतात तेव्हा बेस मेलेला आणि हँडसेट नुसता हातात. जुना वायरवाला फोन एक्स्चेंजकडून तांब्याच्या तारेतूनच 48 व्होल्ट घेतो, त्याला घरच्या लाईटशी देणंघेणं नाही. (तुमची लाईन फायबरवर गेली असेल तर तोही गेला.) आमचा तसला फोन माळ्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलाखाली होता. खाली काढला, पुसला, लावला. पाच मिनिटांत खणखणला, पलीकडे भाचा.

"मामा, आवाज काय मस्त येतोय! बघितलंस ना, अमेरिकन क्वालिटी! पुढच्या वेळी तीन हँडसेटवाला सेट आणू का?"

म्हटलं आण बाबा, फक्त बॉक्स तिकडेच टाकून ये.