मर्यादा उमेदवाराला, मोकळीक पक्षाला

निवडणुकीत पक्षांच्या खर्चावरही मर्यादा हवी, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया मुद्द्याला धरून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही म्हणता, मतदारापर्यंत पोहोचायला पैसा लागणारच; खर्चावर मर्यादा घातली की विद्यमान आमदार-खासदारांचं फावतं, कारण त्यांचं नाव आधीच घरोघरी माहीत असतं. मागे पडतो तो नवखा.

नवख्याची काळजी मलाही आहे, आणि म्हणूनच माझा निष्कर्ष उलटा निघतो. आपल्याकडे मर्यादा आहे ती उमेदवाराला. २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ९५ लाख, विधानसभेसाठी ४० लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही! पक्षाचा सर्वसाधारण प्रचार उमेदवाराच्या हिशेबात येत नाही. मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारक नेमता येतात आणि त्यांच्या विमान-हेलिकॉप्टरचा खर्चही उमेदवाराच्या नावावर लागत नाही. अपक्षाला यातलं काहीच नाही. प्रत्येक गाडी, प्रत्येक पत्रक त्याच्याच नोंदवहीत. मर्यादा नवख्याला आवळते हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण ती आवळते कारण त्याच्यासमोरच्याला तिच्याबाहेर खर्च करायची सोय आहे.

ही सोय आपोआप झालेली नाही, आणि याचाच मला संताप येतो. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच खर्चात धरावा. त्याच वर्षी आधी अध्यादेश आणि मग कायदा आणून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. २००३ च्या दुरुस्तीने पळवाट अरुंद झाली, बुजली नाही.

ब्रिटनमध्येही उमेदवारावर मर्यादा १८८३ पासून होती, पक्षांचा देशव्यापी खर्च मात्र मोकळा होता. २००० च्या कायद्याने तोही मर्यादेत आणला. टीव्हीवर पैसे मोजून राजकीय जाहिरात करायला तर तिथे बंदीच आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पक्षांचा खर्च मोजणार कोण? विधानसभेनंतर ७५ आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत पक्षांना खर्चाचं विवरण निवडणूक आयोगाला आजही द्यावं लागतं. ते ताडून पाहायला कायद्यात आकडा नाही, एवढंच. रोखीने वाटलेला पैसा त्यात दिसत नाही, हे मान्य. पण पानभर जाहिराती, जाहीर सभा आणि हेलिकॉप्टर लपवता येत नाहीत; मोजणी तिथून सुरू करता येईल.